मदत हवी आहे: क्लॉनटार्फची लढाई (1014), नॉर्स (व्हायकिंग) आणि आयरिश मिनी (छोटे सैनिक-पुतळे), दोन्ही बाजू वेगळ्या कशा दिसतील?

नमस्कार मंडळी,

डब्लिनमध्ये राहतो, क्लॉनटार्फ घरापासून बसने जवळच. रविवारी मुलीला घेऊन तिथे समुद्राच्या कडेने चालायला जातो, आणि 23 एप्रिल 1014 ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, याच भागात ती लढाई झाली हे काही केल्या डोक्यातून जात नाही. म्हणून ठरवलंय की ही लढाई टेबलावर मांडायची, 28 एमएमच्या प्लॅस्टिक मिनी, ‘सागा’ या टेबलावरच्या युद्धखेळाचे नियम, एकेका बाजूला चाळीसेक माणसं.

आधी वाटलं सोपं आहे, एकीकडे व्हायकिंग दुसरीकडे आयरिश, दोन बॉक्स आणले की झालं. पण वाचायला लागलो आणि सगळंच गुंतागुंतीचं निघालं. डब्लिनचा नॉर्स राजा सिट्रिक, त्याची आई गॉर्मला ही लेन्स्टरच्या आयरिश राजाची, मेल मोर्डाची, सख्खी बहीण, तीच आधी ब्रायन बोरूची (मन्स्टरचा, तेव्हाचा आयर्लंडचा सर्वोच्च राजा) बायको होती, आणि सिट्रिकची बायको म्हणजे ब्रायनची मुलगी! म्हणजे जावई सासऱ्याविरुद्ध, त्यात सिट्रिकचा मामा त्याच्या बाजूने. बाहेरून ऑर्कनीचा सिगुर्ड आणि आइल ऑफ मॅनचा ब्रोडिर जहाजं घेऊन आले ते वेगळेच. तर ब्रायनच्या समोर उभी असलेली बरीचशी फौज आयरिशच होती. आणि डब्लिनचे नॉर्स तरी कुठे परके, 841 पासून इथे वसलेले, तोवर पावणेदोनशे वर्षं झालेली.

आता अडचण अशी की लेन्स्टरचा आयरिश आणि मन्स्टरचा आयरिश दिसायला सारखाच. तोच लिनेनचा लांब अंगरखा म्हणजे लेन्या, त्यावर लोकरीचा ब्रात म्हणजे झगा, हातात भाले, पाय उघडे, चिलखत नाही. गणवेश तर तेव्हा नव्हताच. एका बाजूला हिरवं आणि दुसऱ्या बाजूला लाल रंगवलं तर खेळायला सोपं जाईल पण ते खोटं होईल आणि मला ते अजिबात करायचं नाहीये. मग समोरच्या खेळाडूला दोन फुटांवरून कळणार कसं?

दुसरं म्हणजे पिवळा रंग. सगळीकडे आयरिश मिनी केशरी-पिवळ्या अंगरख्यात दिसतात पण त्या केशरी लेन्याचे ठळक उल्लेख खूप नंतरचे, 16व्या शतकाच्या आसपासचे आहेत, 1014 ला सगळ्यांना तसं रंगवणं बरोबर वाटतं का? शिवाय माझा पिवळा काळ्या प्रायमरवर (रंगाआधीचा पहिला थर) बसतच नाही, चार हात दिले तरी डागाळलेला दिसतो. आणि इथल्या दमट हवेत स्प्रे प्रायमर मारला की वर खरखरीत पावडर धरते, सहा मिनी अशाच वाया गेल्या.

कुर्‍हाडींबद्दलही सांगा. आयरिश बॉक्समध्ये फक्त भाले आहेत, पण कुर्‍हाड आयरिश लोकांनी नॉर्सकडूनच उचलली असं वाचलंय, मग ब्रायनच्या खास माणसांना नॉर्स स्प्रूवरच्या (सुटे भाग जोडलेली प्लॅस्टिकची चौकट) कुर्‍हाडी लावल्या तर चालेल ना?

प्रतिसाद

कुर्‍हाडी बिनधास्त लावा. लढाईचं जे मोठं वर्णन ब्रायनच्या वंशजांच्या काळात, 12व्या शतकात लिहिलं गेलं त्यातही त्याच्या सरदारांच्या हातात नॉर्स कुर्‍हाडी आहेत.

बाजू ओळखण्यासाठी माणसाला हात लावू नका, बेस (मिनीच्या पायाखालची चकती) बदला. ब्रायनचे लोक जमिनीकडून आले, त्यांच्या बेसवर गवत आणि चिखल. समोरच्यांची पाठ समुद्राकडे होती, त्यांच्या बेसवर वाळू, थोडे बारीक शिंपल्यांचे तुकडे. मी माझ्या मिनींना असंच केलंय, टेबलाच्या दुसऱ्या टोकावरूनही चूक होत नाही. सिगुर्डला कावळ्याचा झेंडा द्या, तो सागांमध्ये, म्हणजे जुन्या नॉर्स कथांमध्ये, आहेच. आणि डब्लिनवाल्यांमध्ये नॉर्स धडांवर आयरिश डोकी मिसळा, पावणेदोनशे वर्षांचा शेजार त्यातून दिसेल.

पिवळा चारपाच मोठ्या माणसांनाच ठेवा, बाकीच्यांना न रंगवलेलं लिनेन, लोकरीचे तपकिरी-करडे, मंजिष्ठेचा विटकरी. काळा प्रायमर सोडा, हाडाच्या रंगाचा घ्या, त्यावर आधी गेरू, मग पातळ पिवळा दोनदा, शेवटी सेपिया वॉश (खाचांत उतरणारा पातळ तपकिरी रंग). स्प्रेचा नाद दमट दिवसात नको, ब्रशने लावायचा प्रायमर मिळतो तो घरात बसून लावा.

धागाकर्ता

खूप खूप आभार, बेसची कल्पना डोक्यात आलीच नव्हती. काल रात्री लेन्स्टरचे पाच जण वाळूच्या बेसवर केले, गेरूवरचा पिवळा पहिल्यांदाच सपाट बसला. शिंपले मुलीने किनाऱ्यावरूनच वेचून आणलेत, धुऊन कुटून ठेवलेत.

आता एकच राहिलंय. ब्रायन स्वतः लढला नाही, सत्तरी ओलांडलेला होता, तंबूत प्रार्थना करत असताना मारला गेला असं सांगतात. मला तो घोड्यावर तलवार उपसलेला नकोय, गुडघ्यावर बसलेला म्हातारा हवाय. 28 एमएममध्ये गुडघे टेकलेला भिक्षू किंवा तसा कुठला देह कुणी वापरलाय का, ज्यावर ब्रात आणि दाढी ग्रीन स्टफने (मिनी घडवायची पुट्टी) चढवता येईल?