मदत हवी आहे : काश्मिरी विद्यार्थ्यांसाठी तक्रारीचं माहितीपत्रक

पहलगामच्या हल्ल्यात (२२ एप्रिल २०२५) २६ जण गेले. त्यांत महाराष्ट्रातले सहा होते आणि एक स्थानिक मुस्लिम घोडेवालाही. त्यानंतर अनेक शहरांत काश्मिरी विद्यार्थ्यांना धमक्या आल्या, खोली सोडायला सांगितलं गेलं. २०१९ मध्ये पुलवामानंतर यवतमाळला मारहाण झालीच होती. हल्ल्याशी काडीचा संबंध नसलेल्या मुलांना हे सोसावं लागतं, म्हणून आम्ही मराठी-उर्दू पत्रक तयार करतोय.

तक्रार बहुतेकदा पुराव्यापाशी अडते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिडिओ कॉम्प्रेस होतो, म्हणजे त्याचा दर्जा घसरतो, आणि फाइलमधली मूळ तारीख-वेळ निघून जाते. म्हणून मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवायची, धमकीची लिंक नि खात्याचं नाव लगेच टिपायचं. न्यायालयात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा 'भाग ब' तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि नेमका तोच मिळत नाही.

घटना कुठेही घडली तरी गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर) नोंदवता येतो, प्रत मोफत मिळते. नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, मग दंडाधिकारी.

झुंडहिंसेसाठीच्या जिल्हा नोडल अधिकाऱ्यांकडेच काश्मिरींवरील हल्ल्यांचं काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलंय. तुमच्या जिल्ह्यातल्या या अधिकाऱ्याचा कार्यालयीन क्रमांक कुणाकडे आहे का? खासगी नको. 'भाग ब' भरून देणारे तज्ज्ञ, उर्दू मुद्रितशोधक आणि आठवडाभर खोली देऊ शकणारी घरंही हवी आहेत. पुणे, नागपूर, संभाजीनगरकरांनी आधी कळवावं.