पावसाळी शनिवार-रविवार आणि नवी मालिका: तुमचे अनुभव लिहा

मुठेला पाणी सोडलं, भिडे पूल बंद झाला, की आमच्याकडे पलीकडच्या पेठांतली सगळी कामं पुढे ढकलली जातात आणि टीव्ही लागतो. अशा सुट्टीत तुम्ही कुठली नवी मालिका सुरू केलीत, कुणाबरोबर बघितलीत, त्या वेळी घरात काय झालं, हे इथे लिहा. परीक्षण नको, शेवट तर अजिबात फोडू नका. घरात काय घडलं ते मला ऐकायचं आहे.

सुरुवात मी करते. ‘कोहरा’ 15 जुलै 2023 ला आली, तो शनिवार होता. सहाच भाग, म्हणून लावली. बहुतेक संवाद पंजाबीत, त्यामुळे माझं लक्ष खालच्या इंग्रजी ओळींवर. सासरे सैन्यात होते, फिरोजपूरला बरीच वर्षं काढलेली. एरवी आम्ही काही लावलं की ते आतल्या खोलीत निघून जातात. त्या दिवशी पंजाबी कानावर पडली आणि ते दारात येऊन उभे राहिले, मग खुर्ची ओढून बसले. थोड्या वेळाने खालच्या ओळींत न आलेलं ते आम्हाला सांगायला लागले: ही शिवी नाही, लाडाने म्हणतात, हा माणूस आता खोटं बोलतोय, त्याचा सूर ऐक. त्यातला बलबीर सिंग हा पोलीस आणि त्याची लेक यांच्यातला अबोला बघताना मात्र ते गप्प झाले. रात्री जेवताना त्यांनी तिकडच्या दिवसांबद्दल जे सांगितलं, ते माझ्या नवऱ्यानेही कधी ऐकलं नव्हतं.

आता तुम्ही लिहा.

चिपळूण

आमच्याकडे पावसात मालिका बघायची म्हणजे तयारी शुक्रवारीच करावी लागते. भाग मोबाइलवर उतरवून ठेवायचे, पॉवर बँक भरून घ्यायची, इन्व्हर्टरचं पाणी बघायचं. वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरीही उतरते आणि रेंज जाते. नंतर उतरवू म्हटलं तर काही मिळत नाही.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी खालच्या मजल्यावर आलं, त्यात टीव्ही गेला. नवा घेतला तो वरच्या खोलीत लावला. त्यानंतरचा पावसाळा आईला फार जड गेला. रात्री जोराची सर आली की ती उठून जिन्यात जाऊन बसायची. तेव्हा ‘गुल्लक’ लावली. पहिल्या मोसमाचे पाचच भाग, प्रत्येक अर्ध्या तासाच्या आतबाहेर. घरातली मातीची पिगी बँकच गोष्ट सांगते. मिश्रा कुटुंब उत्तरेकडचं. पण गॅस सिलिंडर, शेजारीण, बापाचा तुटपुंजा पगार हे सगळं आपलंच. गीतांजली कुलकर्णीला बघून आई म्हणाली, ही तर आपली आहे! मग तिचं हिंदी किती सहज आहे याचं कौतुक सुरू झालं. बाहेर पाऊस वाढत होता, ते तिला ऐकू येत होतं. मध्येच उठून खिडकीतून रस्ता बघूनही आली. पण परत येऊन बसली आणि म्हणाली, मागे ने, माझं काय बघायचं राहिलं तेवढं दाखव. अजूनही जुलैत आम्ही हलकीफुलकी, छोट्या भागांची मालिकाच निवडतो. खून, पोलीस, रडारड दिवाळीनंतर.

अणुशक्तीनगर, मुंबई (निवृत्त)

माझ्या पिढीला नवी मालिका म्हणजे रविवार सकाळ. 1987 च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा आम्ही चाळीत राहत होतो. पावसाळ्यात वाऱ्याने अँटेना फिरायची आणि पडद्यावर मुंग्या. एक पोरगा गच्चीवर, दुसरा जिन्यात, तिसरा टीव्हीसमोर. ‘आली, आली, गेली’ असा निरोप वरपर्यंत पोचायचा. मुंबई दूरदर्शनची ‘व्यत्यय’ ही पाटी लागली की सगळी खोली एकदम उसासा टाकायची.

आता नातीबरोबर बघतो. मागच्या पावसाळ्यात तिने ‘रॉकेट बॉइज’ लावली, होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांच्यावरची. 2022 च्या फेब्रुवारीत आली होती, मला नवीच. माझी सगळी नोकरी ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात गेली, त्यामुळे दर दहा मिनिटांनी मी रिमोट मागत होतो. त्यातले रझा हे शास्त्रज्ञ काल्पनिक आहेत, हे तिला सांगावं लागलं. तिने ते खरे धरले होते आणि भाभांवर रागावली होती. मग मी तिला सांगितलं की आपली अप्सरा अणुभट्टी 4 ऑगस्ट 1956 ला सुरू झाली, आशियातली पहिली, आणि तीही अशाच पावसाच्या दिवसांत. केरळात थुंब्याला 21 नोव्हेंबर 1963 ला पहिलं रॉकेट उडालं, तेव्हा तिथलं चर्च हेच कार्यालय होतं. भाभा 1966 च्या जानेवारीत विमान अपघातात गेले, हे सांगताना माझा आवाज बसला. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांच्या हाताखाली शिकलो. अशा मालिकांत खरं कुठे आणि रचलेलं कुठे, हे सांगणारं माणूस मुलांच्या शेजारी बसलेलं असावं, असं माझं ठाम मत आहे. एक भाग संपायला दोन तास लागले तरी चालतील.

भंडारा जिल्हा

मी ग्रामसेवक आहे. जुलै म्हणजे रोवणीचे दिवस, गावात शनिवार-रविवार असं काही नसतं. पण पुलावरून पाणी गेलं आणि तालुक्याचा रस्ता बंद झाला, म्हणून गावातच मुक्काम करावा लागला. ग्रामपंचायत ऑपरेटरने त्याच्या फोनवर ‘पंचायत’ लावली. सरपंचबाई, त्यांचे यजमान, शिपाई आणि आम्ही दोघं, असे एवढ्याशा पडद्याभोवती.

त्यातलं फुलेरा गाव उत्तर प्रदेशातलं दाखवलंय (चित्रीकरण मध्य प्रदेशात सीहोरजवळच्या महोडियात झालंय), पण सौर दिवा कुणाच्या दारात लावायचा यावरची ती सभा अगदी आमची. शिपाई तर उठून उभा राहिला. खरी शांतता पसरली ती पहिल्या मोसमाच्या शेवटच्या भागात. कागदावर प्रधान असलेली मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करते, तो भाग. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव, तरी खुर्चीवर यजमानच बसलेले मी किती ठिकाणी पाहिलेत. आमच्या बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या मासिक सभेचं इतिवृत्त मात्र त्यांनी स्वतः वाचून घेतलं, मगच सही केली. एवढं एका मालिकेमुळे झालं असं मी म्हणणार नाही. मनात आधीपासून असणारच. पण झालं, आणि मला फार बरं वाटलं.

हॅलिफॅक्स, यॉर्कशर

इथे पाऊस वर्षभर असतो, त्यामुळे पावसाळी शनिवार-रविवार वेगळा काढता येत नाही. पण रविवारी रात्री नऊची मालिका ही इथली खरी रीत आहे. ‘हॅपी व्हॅली’चा तिसरा मोसम बीबीसीवर 1 जानेवारी 2023 पासून दर रविवारी एक, असा 5 फेब्रुवारीपर्यंत चालला. ती आमच्याच कॅल्डर खोऱ्यातली. पडद्यावरचे दगडी रस्ते, ओल्या टेकड्या आमच्या येण्याजाण्यातल्या.

सगळे भाग एका दमात बघणं मला आवडत नाही, आणि का ते मला त्या सहा आठवड्यांत नीट कळलं. सोमवारी कामावर चहाच्या वेळी त्यातली पोलीस कॅथरिन कावूड पुढे काय करेल यावर वाद, बसमध्ये वाद, शेजारच्या आजी कुंपणावरून विचारणार. या गावात येऊन बरीच वर्षं झाली, पण शेजाऱ्यांशी हवामानापलीकडचं बोलणं सुरू झालं ते तेव्हा. 2015 च्या नाताळातल्या पुरात हेब्डन ब्रिजला काय झालं, हेही त्या आजींनीच सांगितलं. एका रविवारी मी त्यांना घरी बोलावलं. कांदाभजी केली होती, ती भाग सुरू होण्याआधीच संपली.

कोल्हापूर

पंचगंगेची पातळी वाढली की शाळांना सुट्टी, आणि माझ्या मुलाचं वेळापत्रक कोलमडतं. तो ऑटिस्टिक आहे, बारा वर्षांचा. एका बहिणीने वकील वू यंग-वूची कोरियन मालिका सुचवली होती, 2022 ची. मी टाळत होते. ऑटिझम म्हणजे अफाट स्मरणशक्ती, हेच पुन्हा दाखवणार, असं वाटायचं. पण तिसऱ्या भागात एक वेगळाच ऑटिस्टिक तरुण येतो, फार थोडं बोलणारा, आणि त्याचे आईवडील. दोघांची तुलना होते तेव्हा त्या आईच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मी इतक्या वर्षांत कुठल्याच पडद्यावर पाहिलं नव्हतं. मी खूप रडले. मुलाला त्यातलं काही नको होतं, त्याला फक्त देवमासे आवडले. वूच्या डोक्यात काही सुचलं की पाण्यातून देवमासा उडी घेतो, तेवढंच तो पुन्हा पुन्हा लावायला सांगतो. आम्ही लावतो.

नाशिक

‘डार्क’ बघणाऱ्यांना एक सूचना. ही जर्मन मालिका, तीन मोसम, त्या विंडन गावात सतत पाऊस. तेहेतीस वर्षं मागेपुढे उड्या आहेत. पहिल्या भागापासून कागद-पेन घेऊन बसा. आम्ही भावंडांनी जुन्या कालनिर्णयाच्या पानांच्या मोकळ्या जागेत वंशावळ काढली आणि कोण कुणाचा कोण यावर मध्यरात्रीपर्यंत भांडलो. लहानपणानंतर इतके एकत्र कधी बसलो नव्हतो. आता आमच्या आईला घेऊन बघता येईल असं काहीतरी सुचवा. तिला इंग्रजी ओळी वाचता येत नाहीत, तेव्हा मराठी किंवा हिंदीच हवं, आणि भाग छोटे. चिपळूणवाल्या ताई, ‘गुल्लक’ लिहून घेतली आहे.