दरवर्षी रंग, तरी गणपतीपर्यंत फोड. काय चुकतंय?

रत्नागिरीकर_फिटर
बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. कंडेन्सरचा सांगाडा आणि अमोनिया पाइपांचे सपोर्ट दर एप्रिलला रंगवतो. वायर ब्रश, एक हात रेड ऑक्साइड, दोन हात इनॅमल. गणपतीपर्यंत फोड येतात, दिवाळीला पोपडे हातात. मालक म्हणतात रंगाची कंपनी बदला. तीनदा बदलून झाली.

डॉकवाले_काका
रंगाला शिव्या देऊ नका, खाली मीठ आहे. मुंबईत जहाजदुरुस्तीत 31 वर्षं रंगकामावर सुपरवायझर होतो, हेच बघत आलो. वायर ब्रशने गंज घासला जात नाही, चकाकतो. खड्ड्यातलं मीठ तिथेच राहतं आणि रंगाच्या थरातून पाणी ओढून घेतं. ताजा फोड फोडून बघा, आत पाणी सापडेल. आमचे जुने फोरमन ते बोटावर घेऊन चाखायचे (तुम्ही चाखू नका).

आधी गोड्या पाण्याने दाबाखाली धुवा, मगच ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक खर मारून गंज उडवणं. एक तुकडा ब्लास्ट करून रात्रभर उघडा ठेवा. सकाळी जिथे काळपट ठिपके उठतील तिथे अजून मीठ आहे, पुन्हा धुवा, पुन्हा ब्लास्ट. मग झिंकवाला इपॉक्सी प्रायमर, त्यावर इपॉक्सी, वर पॉलियुरेथेन, मिळून 250-300 मायक्रॉन. झिंक उघड्या लोखंडालाच लागू पडतं, गंजावर मारलंत तर पैसे पाण्यात. वेल्ड आणि कडांना आधी ब्रशने वेगळा हात द्या, फोड तिथूनच सुरू होतात. आणि पहाटे रंगवू नका. लोखंड दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, निदान 3 अंश गरम हवं.

लोटे_पाळी_दोन
काकांशी सहमत, पण हे सांगाड्यापुरतं. पाइपावर ब्लास्टिंग किंवा चिपिंग हातोडी चालू लाइनवर अजिबात नको. गंजून पातळ झालेल्या जागी एक ठोका, की अमोनिया बाहेर. आधी जाडी मोजून घ्या. थंड लाइनचं इन्सुलेशन व्हॉल्व्हजवळ कापून बघा, खरा गंज आत लपलेला असतो.

रत्नागिरीकर_फिटर
कापलं. सक्शनच्या (कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या थंड लाइनच्या) व्हॉल्व्हपाशी थर्माकोल ओलाचिंब, पाइपाचे पापुद्रे नखाने निघतायत. लाइन बंद करून जाडी मोजायला माणूस बोलावलाय. काका, सांगाडा धुवायला आमच्या बोअरचं पाणी चालेल का? त्याचा चहा जरा खारट लागतो.

डॉकवाले_काका
चहा खारट लागतो म्हणता आणि वर विचारता? टँकर मागवा.