ल्युपस : सगळं बरं आहे, तर गोळी कमी करावी का?

संत्राबर्फी : बहिणीला ल्युपसचं (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर हल्ला करते तो आजार) निदान झालंय. वय 27, वजन 60 किलो. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (एचसीक्यू) एक दिवस 200, एक दिवस 400 मिग्रॅ आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) रोज 10 मिग्रॅ. सांधेदुखी थांबलीय, गालावरचे चट्टे गेलेत. घरचे म्हणतात, आता गोळ्या कमी कर आणि गुळवेलीचा काढा घे. शिवाय उन्हाळा लागतोय, रोज नागपुरात मनीषनगरहून सीताबर्डीपर्यंत स्कूटी आहे. काय सांभाळायचं?

फार्मसीवाला : गोळ्यांमुळेच बरं आहे. एचसीक्यूचा डोस वजनाला किलोमागे दिवसाला 5 मिग्रॅपर्यंत. 60 किलोला सरासरी 300, म्हणजे तुमचा डोस बरोबर आहे. मळमळत असेल तर जेवणानंतर द्या. सुरुवातीलाच डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, 5 वर्षांनंतर दरवर्षी. किडनी कमजोर असेल तर वार्षिक तपासणी आधीच सुरू होते, कारण औषध अंगात साठतं.

प्रेडनिसोलोन एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक थांबलं की उलट्या, बीपी उतरणं, चक्कर. डॉक्टर हळूहळू 5 मिग्रॅ किंवा त्याखाली आणतात.

गुळवेल नकोच. इथे प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती आपल्याच अंगावर उलटलेली आहे. शिवाय गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

लॅब_धंतोली : मूळ धोका किडनीचा, आणि ती दुखत नाही. लघवीला फेस, पायाला सूज दिसते तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून सुरुवातीच्या काळात दर 3 महिन्यांनी लघवी रूटीन-मायक्रोस्कोपी आणि प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो (लघवीतून किती प्रोटीन गळतंय ते सांगतो). सकाळची पहिली लघवी, मधल्या धारेची. पाळीच्या दिवसांत देऊ नका, रक्त मिसळून रिपोर्ट फसवा येतो.

रेशो 0.5 च्या वर गेला (काही लॅब तेच 500 मिग्रॅ/ग्रॅम असं छापतात) तर पुन्हा करून खात्री करा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. बहुतेकदा बायोप्सी (सुईने किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणं) सुचवतात, घाबरून टाळू नका. किडनीवर कोणत्या प्रकारचा हल्ला आहे त्यावरच औषध ठरतं. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीचं काम), सी3, सी4 (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिनं), डीएस-डीएनए (ल्युपसच्या अँटिबॉडी) आणि बीपी. एएनए (निदानाच्या वेळी करतात ती अँटिबॉडीची तपासणी) मात्र दर वेळी करून पैसे घालवू नका, निदान झाल्यावर तो रोगाचा चढउतार सांगत नाही.

रामदासपेठ_त्वचा : ऊन फक्त चेहरा लाल करत नाही, त्याने अख्खा आजार उसळू शकतो. सकाळी 10 ते दुपारी 4 बाहेर पडणं टाळता आलं तर उत्तम. आपल्याकडे पोरी बांधतात तो पांढरा पातळ स्कार्फ पुरत नाही. गडद, घट्ट विणीचा घ्या, हातमोजे आणि पूर्ण बाह्या. सनस्क्रीन एसपीएफ 50, दोन बोटं भरून फक्त चेहरा-मानेला, निघण्याच्या 20 मिनिटं आधी, दर 2 तासांनी पुन्हा. खिडकीच्या काचेतून यूव्हीए (उन्हातले अतिनील किरण) येतं, ऑफिसातली जागा बदलून घ्या. उन्हापासून दूर राहिल्याने व्हिटॅमिन डी कमी होतं, तेही तपासा, स्टेरॉइडने हाडं आधीच झिजतात.

संत्राबर्फी : आभार. आणि पावसाळ्यात ताप आला तर? डेंग्यू की ल्युपस, कळणार कसं?

लॅब_धंतोली : घरी कळणार नाही. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दोन्हींत उतरतात. सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) बराच वाढला असेल तर संसर्गाचा संशय जास्त. सी3-सी4 घसरले तर ल्युपसचा. डेंग्यूसाठी तापाच्या पहिल्या 5 दिवसांत एनएस1 ही रक्ततपासणी.

फार्मसीवाला : 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. तोवर फक्त पॅरासिटामॉल. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक नको, किडनीलाही वाईट आणि डेंग्यूतही. स्टेरॉइड मनाने वाढवू नका, बंदही करू नका. नवीन डॉक्टर असेल तर आधीच सांगा, सल्फाच्या गोळ्यांनी ल्युपस भडकू शकतो.