विल्यम्सबर्ग: तिकीट घ्यावं की नुसतं फिरावं?

प्रश्न: आईबाबांना अमेरिकेत व्हर्जिनियातलं वसाहतकालीन विल्यम्सबर्ग दाखवायचंय. तिकीट लागतंच का? जवळचं जेम्सटाउनही (इंग्रजांची अमेरिकेतली पहिली कायमची वसाहत) करावं म्हणतोय.

उत्तर १: रस्त्यांवर फिरणं फुकट. इमारतींत, कारागिरांच्या दुकानांत शिरायला तिकीट. दारूगोळ्याचं कोठार १७१५ चं, मूळचं. गव्हर्नरचा वाडा मात्र १७८१ मध्ये जळाला. आत्ताचा १९३० च्या दशकातला. देखणा, पण नवाच!

उत्तर २: जेम्सटाउन दोन आहेत, लोक तिथेच फसतात. ‘सेटलमेंट’मध्ये जहाजांच्या प्रतिकृती आहेत. १६०७ च्या किल्ल्याची खरी जागा आणि उत्खनन ‘हिस्टॉरिक जेम्सटाउन’ला. राष्ट्रीय उद्यानांचा पास असला तरी तिथे दुसऱ्या संस्थेचं शुल्क वेगळं भरावं लागतं. विल्यम्सबर्गहून तिथे नेणाऱ्या कलोनियल पार्कवे या रस्त्यावर पेट्रोल पंप नाही, टाकी आधीच भरा.

प्रश्नकर्ता: मग खरी जागाच बघू.

उत्तर २: बरोबर लहान मुलं असतील तर जहाजंच बरी.