तीन इंजेक्शनं देऊनही दाढ बधिर होत नाही, रूट कॅनाल अर्धवट राहिलंय. मदत हवी आहे

डावीकडची खालची दाढ, अक्कलदाढेच्या अलीकडची. महिनाभर गार पाण्याने कळ यायची, मी उजवीकडून चावून वेळ मारून नेली. (बायकोने यावर पुरेसं ऐकवलंय, तुम्ही नका ऐकवू.) गेल्या आठवड्यात ठणका सुरू झाला. आडवं झालं की वाढायचा, दोन रात्री खुर्चीत बसून काढल्या. एक्स-रेत कीड नसेपर्यंत पोचलेली दिसली.

शनिवारी रूट कॅनालला बसलो. पहिलं इंजेक्शन जबड्यात पार मागे. दहा मिनिटांत अर्धा ओठ आणि जीभ लाकूड. चूळ भरली तर पाणी हनुवटीवरून शर्टावर, मला पत्ताच नाही. पण ड्रिल आत गेलं मात्र, अशी कळ कानशिलात गेली की मी डॉक्टरांचा हातच धरला. दुसरं इंजेक्शन तिथेच, तिसरं हिरडीत. तिसऱ्यानंतर छाती धडधडायला लागली, हात थरथरले, थोड्या वेळाने शांत झालं. शेवटी "इन्फेक्शनमुळे भूल चढत नाहीये" म्हणून डॉक्टरांनी औषधाचा बोळा ठेवून वर तात्पुरतं सिमेंट भरलं. पाच दिवस अँटिबायोटिक, पुढच्या मंगळवारी परत.

ओठ मेला तरी दाढ जिवंत कशी? आणि मंगळवारी पुन्हा तेच झालं तर? खरं सांगतो, जायची हिंमत होत नाहीये.

रानजाई: सेम! माझ्या वेळी शेवटी सुई थेट दाढेतल्या नसेत दिली. दोन-तीन सेकंद ब्रह्मांड आठवलं, मग काहीच नाही. नंतर चक्क डुलकी लागली.

ताकभात: लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवा, आमची आजी तेच करायची.

दातकोरू: दंतवैद्य आहे, म्हणून सविस्तर. लवंगतेल हिरडीला लागलं तर भाजतं, जपून.

ओठ बधिर झाला म्हणजे जबड्याची मुख्य नस गाठली गेली, डॉक्टर चुकले नाहीत. सुजेच्या जागी आम्लता वाढते आणि लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचा नसेत शिरणारा भाग कमी होतो, हे खरं. पण तुमचं पहिलं इंजेक्शन सुजेपासून लांब होतं, त्यामुळे तेवढ्याने उलगडा होत नाही. सुजलेल्या नसेतले तंतू इतके चेतलेले असतात की नेहमीची भूल त्यांना पुरत नाही. खालच्या दाढांना हा त्रास जास्त. आम्ही त्याला 'हॉट टूथ' म्हणतो.

उपाय आहेत. मुख्य इंजेक्शनवर गालाच्या बाजूने आर्टिकेन हे भुलीचं दुसरं औषध देता येतं, दात आणि हाडाच्या फटीत किंवा थेट हाडात भूल देता येते, नाहीतर रानजाईंनी सांगितलेला शेवटचा मार्ग. तासभर आधी आयबुप्रोफेन घेतलं तर भूल लागण्याची शक्यता वाढते, पण अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर नको. ड्रिल लावण्याआधी गार स्प्रे मारलेला बोळा दाढेला लावून बघायला सांगा. गार लागलं तर अजून थांबायचं. डावा हात वर केला की ड्रिल बंद, हेही आधीच ठरवून घ्या.

सूज किंवा ताप नसेल तर अँटिबायोटिक या ठणक्याला फारसं कामाचं नाही. तरी माझ्या सांगण्यावरून बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. धडधड बहुधा औषधातल्या अ‍ॅड्रिनलिनची, अ‍ॅलर्जी वाटत नाही. जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास झाला तर मंगळवारची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

मूळ लेखक: धन्यवाद! सूज, ताप नाही. बीपीची गोळी मात्र चालू आहे, डॉक्टरांना सांगायचं राहिलंच.

दातकोरू: मग आज फोन करून आधी ते सांगा. आयबुप्रोफेनही त्यांना विचारल्याशिवाय नको. मंगळवारी नाश्ता करून जा आणि बीपीची गोळी चुकवू नका.