पदक ‘ओतलं’ की ‘पाडलं’?

मुलीच्या शाळेत १८ ऑगस्टला हेलियमवर प्रदर्शन आहे, त्याचे तक्ते मराठीत लिहून देतो म्हणून बसलोय. त्यात एका फ्रेंच पदकाचा फोटो आहे, १८७२ चं, एका बाजूला जान्सेन (फ्रेंच) आणि लॉकियर (इंग्रज) या खगोलशास्त्रज्ञांचे चेहरे, मागे चार घोड्यांच्या रथात ग्रीकांचा सूर्यदेव अपोलो. मी खाली लिहिलं, ‘हेलियमच्या शोधाबद्दल ओतलेलं स्मृतिपदक’. बायको म्हणाली काहीतरी खटकतंय, काय ते सांगेना. तुम्हाला काय वाटतं?

*

ओतलेलं नको. आमची कोल्हापूरला फौंड्री आहे म्हणून बोलतो. ओतीव काम म्हणजे आधी मेणाचा किंवा लाकडाचा नमुना, त्यावरून साचा, मग मुशीतला रस साच्यात. थंड होताना धातू आक्रसतो म्हणून नमुना थोडा मोठाच धरायचा, आणि नंतर कानस घेऊन बसायचं. इटलीत पिसानेल्लो या चित्रकाराने १४३८ च्या सुमारास केलेली पदकं अशी ओतीव होती. हे तुमचं पदक टाकसाळीतलं आहे, पोलादी ठशात उलटं कोरून चकतीवर दाबून उमटवलेलं. दोन्हीचा उठाव हातात घेतला की लगेच कळतो, ओतीवाची कड जरा मऊ वाटते.

*

मग ‘पाडलं’ म्हणा की, टाकसाळीत नाणी पाडतात, त्याला आपल्याकडे हाच शब्द आहे.

*

शब्द बरोबर आहे हो, पण ‘फ्रेंच सरकारने पदक पाडलं’ वाचून आठवीतली पोरं विचारतील, मग उचललं कोणी?

*

स्मृतिपदकाला माझा जास्त विरोध आहे. स्मृती म्हटलं की आपल्याला हार घातलेला फोटोच दिसतो. १८७२ ला दोघंही ठणठणीत होते, जान्सेन १९०७ ला गेले, लॉकियर १९२० ला. गौरवपदक लिहा.

*

सगळे ओतण्या-पाडण्यात अडकलेत, खरी गोची ‘शोध’ मध्ये आहे. हिंदीवाले खोज आणि आविष्कार वेगळे ठेवतात, आपण हरवलेल्या किल्लीपासून वाफेच्या इंजिनापर्यंत सगळ्याला एकच शब्द वापरतो आणि काम क्रियापदावर ढकलतो, शोध घेतला, शोध लावला, शोध लागला. आता या पदकावर हेलियमचं नावच नाहीये, फोटो मोठा करून बघा, फ्रेंचमध्ये ‘सूर्याच्या ज्वालांचं पृथक्करण’ आणि १८ ऑगस्ट १८६८ अशी तारीख आहे. जान्सेनने त्या दिवशी गुंटूरला ग्रहण बघितलं आणि दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात, ग्रहण नसताना, त्याच ज्वाला वर्णपटात, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून, पकडल्या. लॉकियरने २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून स्वतंत्रपणे तेच केलं, आणि दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. गौरव आहे तो या युक्तीचा. ज्वालांच्या वर्णपटात दिसलेली पिवळी रेघ, ५८७.६ नॅनोमीटरची, सोडियमच्या रेघांशेजारची पण सोडियमची नव्हे, ती एका नव्या मूलद्रव्याची आहे असं लॉकियर नंतर म्हणाला, आणि पृथ्वीवर हेलियम हाती लागायला रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेचं १८९५ साल उजाडलं. म्हणजे युक्तीचा शोध ‘लावला’ आणि हेलियमचा ‘लागला’, तोही हळूहळू.

*

विजयदुर्गाचं पण लिहा ना, तिथे ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, लॉकियरने तिथूनच बघितलं म्हणून.

*

तेवढं मात्र नका लिहू. लॉकियर ६८ साली इंग्लंडातच होता, भारतात आला तो १८७१ च्या ग्रहणाला, आणि तेही केरळात बेकलच्या किल्ल्यावर. मी मूळचा देवगडचा, लिहिताना मलाच वाईट वाटतंय.

*

धागाकर्ता परत आलोय. शेवटी असं केलं, ‘ग्रहण नसतानाही सूर्याच्या ज्वाला बघण्याची युक्ती शोधणाऱ्या जान्सेन आणि लॉकियर यांच्या गौरवासाठी फ्रेंच सरकारने काढलेलं पदक’. ‘काढलं’ मध्ये ओतणं-पाडणं दोन्ही झाकलं जातं, फौंड्रीवाल्यांनी माफ करावं. बायकोला दाखवलं, तर तिला मुळात ‘बद्दल’ खटकत होतं म्हणे!